नवं सॉफ्टवेअर आलं. काम बदललं का, हे मोजायचं कसं?

खटाव, पलूस, आटपाडी या तालुक्यांत संस्थांच्या कामासाठी फिरताना एकच प्रश्न मला चार तोंडांनी ऐकू येतो. पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणतात, "पिग्मी एजंटांना मोबाइल ॲप दिलं, वर्ष झालं. फायदा झाला की नुसता खर्च?" विकास सोसायटीचे सचिव म्हणतात, "संगणकीकरण झालं म्हणता, पण कीर्द अजून हातानेच लिहितोय. वेळ वाचला कुठे?" फाउंड्रीचे मालक जॉब कार्ड टॅबवर आणतात आणि महिनाभरात विचारतात, "पोरं टॅब खरंच वापरतात का, कसं कळणार?" सगळे उठून गेले की एखाद्या कर्मचारी ताई मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "सर, आम्ही कुठे आहोत हे त्यांना फोनमधून दिसतं का हो?"

चारही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. कामाच्या ठिकाणी डिजिटल साधन आलं की त्याच्या पोटात नोंदी साठू लागतात. कोणी कधी लॉगिन केलं, पावती किती वाजता निघाली, कोणती नोंद कितीदा दुरुस्त झाली. या नोंदी नीट वाचल्या तर काम करायची पद्धत बदलली का हे समजतं. त्याच नोंदी माणसांवर पाळत ठेवायला वापरल्या तर लोक त्या खोट्या पाडायला शिकतात, आणि मग त्यांतून काहीच समजत नाही. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: तुम्हाला साधनाची परीक्षा घ्यायची आहे, माणसाची नाही.

आधी ठरवा: मोजून करणार काय?

मोजणी सुरू करण्याआधी एका कागदावर एक वाक्य लिहा: "आकडा असा आला तर आम्ही हे करू, तसा आला तर ते करू." उदाहरणार्थ, "तीन महिन्यांत संध्याकाळचा ताळमेळ आधीपेक्षा लवकर जुळू लागला तर उरलेल्या शाखांना ॲप द्यायचं. नाही जुळला तर ॲप बनवणाऱ्याला बोलावून अडचण सोडवून घ्यायची."

हे वाक्य लिहिता येत नसेल तर मोजू नका. आकडे जमवायला पैसे लागतात, वेळ लागतो आणि कर्मचाऱ्यांचा विश्वास खर्ची पडतो. पहिल्या दोन गोष्टी पुन्हा मिळवता येतात, तिसरी मिळवायला फार वेळ लागतो.

हे वाक्य लिहिताना काउंटरवरचा माणूस खोलीत असू द्या. औंधला हे कोणी वेगळं सांगायला नको. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या संस्थानाची राज्यघटना लागू केली आणि कारभार गावोगावच्या पंचायतींकडे सोपवला, तेव्हा कारभार ज्यांच्यासाठी चालायचा तेच तो चालवू लागले. एका शाखेतल्या मोजमापाला राज्यघटना लागत नाही. पण पावती फाडणाऱ्याला न विचारता पावतीला किती वेळ लागावा हे ठरवलं तर तो आकडा पहिल्याच दिवशी चुकलेला असतो.

साधन यायच्या आधीची नोंद

सगळ्यात जास्त चूक इथे होते. ॲप सुरू होतं, सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं "सुधारणा किती?" आणि आधीचा आकडाच कोणाकडे नसतो. मग "पूर्वी खूप वेळ लागायचा" अशा आठवणीवर निर्णय होतो.

म्हणून साधन सुरू करण्याआधी किमान सहा ते आठ आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा. ग्राहक काउंटरवर आला ती वेळ, गेला ती वेळ. दिवसाचा ताळमेळ किती वाजता जुळला. किती पावत्या खाडाखोड करून दुरुस्त झाल्या. रोजच्या सगळ्या पावत्या मोजायची गरज नाही; आठवड्यातले दोन ठरावीक वार आणि दिवसाचे दोन तास पुरतात.

आपल्या भागाचं वर्ष सरळ रेषेत चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. गळीत हंगामात ऊस बिलं जमा झाली की काउंटरवर रांग लागते. मार्चअखेर वसुलीचा ताण वेगळाच असतो. औंधला पौषात यमाईची यात्रा असते, तेव्हा पिग्मीची फेरी कशी होते हे एजंटांना विचारा. द्राक्षाच्या छाटणीत आणि काढणीत पलूस-तासगावकडचा शेतकरी बँकेत फिरकत नाही. तेव्हा फेब्रुवारीची तुलना जूनशी करू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि तो आकडा नसेल तर दुसऱ्या शाखेशी करा. ते कसं, हे पुढे येतंच.

काय मोजायचं

चार-पाच गोष्टी पुरे. त्या तीन थरांतल्या असू द्या.

- वापर: साधन उघडलं जातं का, आणि त्यातला कोणता भाग वापरला जातो. हा सगळ्यात सोपा आकडा आहे आणि सगळ्यात फसवाही. लॉगिन झालं म्हणजे काम झालं असं नसतं.
- कामाची वाट: एका कामाच्या दोन टप्प्यांमध्ये किती वेळ जातो. कर्जाचा अर्ज आला ते मंजुरी मिळाली. दूध मापलं ते पावती हातात पडली. जॉब मशिनवर चढला ते तपासणीला गेला.
- परिणाम: ग्राहकाची रांग, चुका, फेरकाम, तक्रारी, आणि संध्याकाळी कर्मचारी घरी किती वाजता जातात.

याला एक चौथी गोष्ट जोडा, कारण ती कोणी मोजत नाही. जुनी वही अजून चालू आहे का? माझ्या पाहण्यात ग्रामीण संस्थांमध्ये डिजिटल साधनाचा खरा खर्च इथे दडलेला असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांचा हा प्रकल्प. विकास सोसायट्यांसाठी ते मोठं पाऊल होतं. पण ज्या सोसायटीत सचिव आधी कीर्द-खतावणी लिहितात आणि मग तेच संगणकात भरतात, तिथे साधनाने काम कमी केलेलं नाही, दुप्पट केलंय.

हिशेब करून पाहा. समजा तुमच्या चार शाखांत दुहेरी नोंदीसाठी रोज प्रत्येकी ४० मिनिटं जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४,००० मिनिटं होतात, म्हणजे जवळपास ६७ तास. एवढ्या तासांचा पगार तुम्ही दोनदा लिहिण्यासाठी देताय. अशा वेळी "कर्मचारी सॉफ्टवेअरला सरावले नाहीत" असा निष्कर्ष काढणं त्यांच्यावर अन्याय आहे. वही कधी बंद करायची हा निर्णय संचालक मंडळाने आणि लेखापरीक्षकांनी बसून घ्यायचा असतो. तो कारकुनाच्या हातात नसतो.

वेळेचे शिक्के वाचायला शिका

जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर नोंदीवर वेळ टाकतं. ती यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या आणि तासानुसार किती नोंदी झाल्या एवढंच मोजा. महागडं काही विकत घ्यायची गरज नाही.

एका संस्थेत मी अशी यादी घेऊन बसलो होतो. दिवसभरात तुरळक नोंदी, आणि साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान एकदम गर्दी. व्यवस्थापकांचं मत तिथल्या तिथे तयार झालं: "दिवसभर टाइमपास करतात, शेवटी उरकतात." मी काउंटरवर जाऊन बसलो. दुपारी नेटवर्क जात होतं. ग्राहकाला थांबवणं शोभत नाही म्हणून ते कागदावर लिहून घेत आणि संध्याकाळी नेटवर्क आलं की भरत. खरी गरज होती ऑफलाइन चालणाऱ्या ॲपची, आणि दोष येणार होता माणसांवर.

असे आकृतिबंध दिसले तर त्यांची शक्य ती कारणं आधी तपासा:

- सगळ्या नोंदी संध्याकाळी एकदम: नेटवर्क, काउंटरवरची गर्दी, संगणक एकच आणि माणसं तीन.
- एकाच लॉगिनवरून अशक्य वाटेल इतकं काम: पासवर्ड वाटून घेतलेत. बहुतेकदा "संगणक येणारा" एक तरुण सगळ्यांचं भरून देतो. त्याच्यावरचा भार बघा आणि बाकीच्यांना शिकवायचं राहिलंय हे ओळखा. पतसंस्थेत हा जोखमीचा विषयही आहे, कारण उद्या गैरव्यवहार झाला तर नोंद कोणी केली हे सांगता येणार नाही.
- एकाच रकान्यात खूप दुरुस्त्या: तो रकाना बहुधा इंग्रजीत आहे, किंवा त्याचं नाव लोक बोलतात त्या शब्दात नाही.
- रात्री नऊनंतरच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे हुकूम: साधनाने काम घरी नेलंय. हा बदल कुठल्याच डॅशबोर्डवर हिरव्या रंगात दिसत नाही, पण कर्मचारी सोडून का गेले याचं उत्तर कित्येकदा तिथेच सापडतं.

भाषेची गोष्ट मी मुद्दाम लांबवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट होते, आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची होती ते इंग्रजीत होतं. मुंबईत बसून फक्त वापराचा आकडा पाहणाऱ्याला तेव्हा "सेविका माहिती भरत नाहीत" एवढंच दिसलं असतं. बाळाचं वजन वर्षानुवर्षं चोख लिहिणाऱ्या बाया त्या आकड्यात आळशी ठरल्या असत्या. तुमच्या संस्थेत वापर कमी दिसला तर पहिला प्रश्न हा विचारा: पडद्यावरचं मराठीत आहे का, आणि पन्नाशीच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतं का?

एक शाखा आधी, बाकीच्या मागून

सगळीकडे एकाच दिवशी साधन सुरू केलंत तर बदल साधनामुळे झाला की हंगामामुळे, हे कधीच कळणार नाही. शक्य असेल तर आधी एका-दोन शाखांत सुरू करा आणि बाकीच्या तशाच राहू द्या. मग दोन्हींची तुलना करा.

समजा 'अ' शाखेत ॲप आलं आणि एका ग्राहकाला लागणारा वेळ ९ मिनिटांवरून ५ वर आला. तुम्ही म्हणाल, ४ मिनिटं वाचली. पण 'ब' शाखेत ॲप नसताना त्याच काळात वेळ ९ वरून ७ वर आला असेल, कारण हंगाम संपून गर्दी ओसरली. म्हणजे ॲपच्या खात्यावर फक्त २ मिनिटं जमा करायची. एवढी वजाबाकी केली तरी सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाच्या निम्म्या दाव्यांची पारख होते.

शाखा निवडताना सगळ्यात हुशार व्यवस्थापकाची शाखा आधी घेऊ नका. तिथे काहीही आणलं तरी ते चालतं.

सातजणांच्या शाखेत सरासरी म्हणजे नावच

मोठ्या कंपन्यांत "आम्ही नावं बघत नाही, गटाची सरासरी बघतो" असं म्हणता येतं. तिथेही हे सहज झालं नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर'मध्ये कोण किती दिवस ईमेल, चॅट वापरतो हे नावानिशी दिसत होतं. त्यावर इतकी टीका झाली की डिसेंबर २०२० मध्ये कंपनीला त्यातून नावं काढून टाकण्याची घोषणा करावी लागली.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. शाखेत माणसंच पाच-सात. "काउंटर विभाग" म्हटलं की दोघी. "पन्नाशीच्या वरचे" म्हटलं की एकटे शिपाईमामा. म्हणून लहान संस्थांसाठी माझा नियम साधा आहे: पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा वेगळा आकडा काढायचाच नाही. त्याऐवजी कामाचा आकडा काढा. "सुनीताताईंना किती वेळ लागतो" हे विचारू नका. "नवीन खातं उघडायला आपल्याकडे किती वेळ लागतो आणि तो कोणत्या टप्प्यावर अडतो" हे विचारा. तुम्हाला निर्णयासाठी लागणारं बहुतेक सगळं त्यात मिळतं.

हजेरी, जीपीएस आणि फोटो

चेहरा दाखवून हजेरी, एजंटाच्या फोनचं ठिकाण, कामाच्या जागेवरचा फोटो. ही साधनं विकत घेणं आज फार सोपं झालंय. पण त्यांनी काम मोजलं जातं हा समज काढून टाका. त्यांनी उपस्थिती मोजली जाते, आणि तीही नेहमी खरी नसते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण रोजगार हमीचं आहे, आणि ते आपल्या भागाशी जोडलेलं आहे. वि. स. पागे यांनी या योजनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला. तिथून महाराष्ट्राचा कायदा झाला आणि पुढे देशाचा मनरेगा कायदा आला. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा ठिकाणासह फोटो टाकून हजेरी नोंदवणं बंधनकारक झालं. उद्देश चांगला होता, खोटी हजेरी थांबवण्याचा. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून राज्यांना कळवावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जाताहेत, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय, एकच मजूर अनेक हजेरीपटांवर दिसतोय, दुपारचा फोटो टाकलाच जात नाही. उलट बाजूला, नेटवर्क नसलेल्या माळावर दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराचा फोटो न चढल्याने मजुरी अडकायची. लबाडाला वाट सापडते आणि कष्टकरी अडकतो. नुसती उपस्थिती मोजणाऱ्या साधनाकडून मला याहून वेगळी अपेक्षा नाही.

याच मातीत याच्या उलट प्रयोगही झालेला आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शिक्षा भोगणारे कैदी कुटुंबासह राहून शेती करायचे. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तीच. तिथे दिवसभर डोळा ठेवण्यापेक्षा शेतात काय पिकलं याला महत्त्व होतं. आपल्या एजंटांना आणि कारकुनांना आपण त्या कैद्यांपेक्षा कमी विश्वासाचे का समजावं?

तरीही जीपीएस लागत असेल, उदाहरणार्थ रोख रक्कम घेऊन फिरणाऱ्या एजंटाच्या सुरक्षिततेसाठी, तर एवढं करा: ठिकाण फक्त पावती करतानाच नोंदवा, कामाची वेळ संपली की ते आपोआप बंद होऊ द्या, आणि शक्यतो संस्थेचा फोन द्या. माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये पाळतीचं ॲप टाकायला लावू नका. पडद्याचे फोटो घेणारी किंवा कळफलकावरचे ठोके मोजणारी सॉफ्टवेअरं तर घेऊच नका. ती काय सांगतात तर बोटं हलली. कर्ज कोणाला द्यावं याचा विचार करताना बोटं थांबतात.

किती दिवस थांबायचं

पहिला महिना सोडून द्या. नवं साधन आलं की काम आधी मंदावतं, मग सुधारतं. शिवाय आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय हे कळलं की माणसं काही दिवस वेगळी वागतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान झालेल्या प्रयोगांमुळे ही गोष्ट जगभर गाजली. त्यांच्या आकड्यांवर नंतर बराच वाद झाला, पण तुमच्या शाखेत पहिल्या पंधरवड्याचा उत्साह तुम्हीही पाहिला असेल.

सुरुवातीच्या आकड्यावरून निकाल लावायचा नसतो, हे किर्लोस्करवाडीच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना; लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिल्या वर्षाच्या विक्रीवरून कोणी निकाल लावला असता तर १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभाच राहिला नसता. साधारणपणे तीन महिन्यांनी पहिला निष्कर्ष काढा आणि वर्षाने पुन्हा तपासा.

आकडा कोणाच्याही पगाराला, कमिशनला किंवा बदलीला जोडू नका. जोडलात की लोक काम सोडून आकडा सांभाळतात. "दिवसाला किमान ४० भेटी" असं ठरवलं तर ४० भेटी होतील. त्यांतल्या किती जणांनी पिग्मी भरली ते विचारू नका.

कायदा काय सांगतो

इथे गोंधळ फार आहे, म्हणून थोडक्यात आणि नेमकं सांगतो.

- सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तयारीसाठी एवढाच वेळ हातात आहे.
- या कायद्यात नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी लागणारी माहिती कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. म्हणून "संमती घेतली नाही, बेकायदा आहे" असं सरसकट म्हणता येत नाही. पण ही मुभा नोकरीच्या कारणापुरती आहे. रविवारी एजंट कोणत्या गावाला गेला होता, याला ती लागू होते असं म्हणणं अवघड आहे.
- संमती घेतली असेल तर तिची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे. इंग्रजी अर्जावर सही मागितली तर मराठी मागा.
- माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बोटांचे ठसे साध्या पेनड्राइव्हवर ठेवणाऱ्या संस्थांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.
- नवी बंधनं लागू होईपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत बोटांचे ठसे, चेहऱ्याचा आराखडा ही संवेदनशील माहिती मानली आहे आणि ती घेण्याआधी व्यावसायिक संस्थेने लेखी संमती घ्यायची असते.

कामगार कायद्याचा भाग वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पाळ्या, कामाचे तास, विश्रांती, पगाराची पद्धत यांसारख्या अटी बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. माणसं कमी होतील असं यंत्र किंवा तंत्र आणायचं असलं तरीही. प्रत्येक नव्या ॲपला ही सूचना लागत नाही. पण ॲपमुळे जेवणाची सुटी मिनिटांत मोजली जाऊ लागली किंवा पाळी बदलली, तर लागू शकते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. तुमच्या संस्थेला नेमकं काय लागू होतं हे जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

कर्मचाऱ्यांनी काय विचारावं

भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

१. या साधनातून माझी कोणती माहिती साठते?
२. ती कोण पाहतं? सॉफ्टवेअर कंपनीलाही दिसते का?
३. कामाच्या वेळेनंतर ठिकाण नोंदवलं जातं का?
४. माझी माहिती चुकीची असेल तर दुरुस्ती कोणाकडे मागायची?
५. किती दिवसांनी ती पुसली जाईल?

एक खबरदारी घ्या. नव्या कायद्यातला आपली माहिती मागायचा हक्क मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीला लागू होतो. नोकरीच्या कारणाखाली संमतीशिवाय घेतलेल्या माहितीसाठी तोच हक्क मिळेल असं गृहीत धरू नका. म्हणून या पाच प्रश्नांची उत्तरं साधन सुरू होण्याआधीच, सेवानियमांत किंवा सूचनेत लिहून घेणं जास्त उपयोगाचं ठरतं. नेटवर्कमुळे नोंद चुकली तर त्या दिवशीच वहीत तारीख-वेळ लिहून वरिष्ठांची सही घ्या. महिन्याने कोणालाच आठवत नाही.

विक्रेत्याशी करार करताना

संस्थाचालकांनो, सही करण्याआधी तीन गोष्टी करारात पाहा. तुमच्या सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये बाहेर काढता येतात का? न लागणारी पाळतीची सोय बंद करता येते का? करार संपला तर माहिती परत मिळून त्यांच्याकडची पुसली जाईल का? तिन्हींपैकी एकालाही गोलमोल उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.

सूचनाफलकावर लावायचा कागद

हा नमुना घ्या आणि तुमच्या कामाप्रमाणे बदला:

"आपल्या संस्थेत १ जूनपासून पिग्मी वसुलीसाठी मोबाइल ॲप सुरू होत आहे. ग्राहकाला पावती लवकर मिळते का आणि संध्याकाळचा ताळमेळ लवकर जुळतो का, एवढंच आम्ही तीन महिने मोजणार आहोत. त्यासाठी पावतीची वेळ, दुरुस्त्यांची संख्या आणि ताळमेळ जुळल्याची वेळ शाखेनुसार पाहिली जाईल. व्यक्तीनुसार पाहिली जाणार नाही. ठिकाण फक्त पावती करताना नोंदवलं जाईल आणि सायंकाळी सातनंतर बंद राहील. या आकड्यांवरून कोणाचाही पगार, कमिशन किंवा बदली ठरणार नाही. हे तीन महिने आकडे व्यवस्थापक आणि कर्मचारी प्रतिनिधी असे दोघेच पाहतील. पावत्या हिशेबाची कागदपत्रं म्हणून राहतील, ठिकाणाच्या नोंदी सहा महिन्यांनी पुसल्या जातील. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सगळे आकडे सर्वांसमोर वाचले जातील आणि ॲप ठेवायचं, बदलायचं की बंद करायचं यावर तुमचं म्हणणं घेतलं जाईल. नेटवर्कची अडचण आली तर काउंटरवरच्या वहीत लिहा; ती नोंद ॲपइतकीच ग्राह्य धरली जाईल."

खाली तीन सह्या: अध्यक्ष, व्यवस्थापक आणि कर्मचारी प्रतिनिधी. तिसरी सही मिळत नसेल तर १ जूनची तारीख पुढे ढकला आणि आधी त्यांच्याशी बसून बोला.